आधी जागा, मग मेगावॅट

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे, सह्याद्रीच्या कड्याच्या पायथ्याशी चोंढे हे गाव आहे. कड्याच्या माथ्यावर अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातले घाटघर. नकाशावर दोन्ही गावे शेजारी दिसतात. उंचीत मात्र चारशे मीटरांचा फरक आहे. या फरकावर २००८ पासून एक आगळा वीजप्रकल्प चालू आहे. वर एक तळे, खाली एक तळे, मधे डोंगराच्या पोटात बोगदे आणि सव्वाशे मेगावॅटची दोन यंत्रे. विजेला गिऱ्हाईक नसते तेव्हा ग्रिडमधली शिल्लक वीज वापरून खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, असे त्याचे काम. पाण्याला वर चढवायला पाच युनिटे लागली तर ते उतरताना जेमतेम चार परत करते. वरवर पाहता हा आतबट्ट्याचा व्यवहार. पण वीज हा नाशवंत माल आहे, आणि नको त्या वेळी असलेली पाच युनिटे हवी त्या वेळच्या चार युनिटांपेक्षा स्वस्तच असतात. या हिशेबावर उदंचन जलविद्युत प्रकल्प उभे राहतात. घाटघर–चोंढे हा २५० मेगावॅटचा प्रकल्प त्याच जातीचा.

घाटघरची आखणी झाली तेव्हा शिल्लक वीज रात्रीची असे. कोळशाची केंद्रे रात्रीपुरती विझवून सकाळी पुन्हा पेटवता येत नाहीत. मध्यरात्री त्यांची वीज उरायची, ती पाणी चढवायला लावायची. आता शिल्लक दुपारची आहे. सौर पॅनेले भर दुपारी ओसंडून वीज देतात आणि दिवेलागणीला, म्हणजे शहरे घरी परतून दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे सुरू करतात नेमक्या त्या वेळी, हात वर करतात. सूर्याची वीज जितकी वाढेल तितकी ती साठवण्याची सोय वाढायला हवी, हे गणित निर्विवाद आहे. साठवणीची सर्वांत जुनी, खात्रीची आणि दीर्घायुषी सोय म्हणजे उंचावर धरून ठेवलेले पाणी. एक घनमीटर पाणी चारशे मीटर खाली उतरले की साधारण एक युनिट वीज मिळते. देशावरून कोकणात एकदम कोसळणारा कडा ज्या राज्याला मिळाला, त्या राज्याकडे उदंचनाचे प्रस्ताव रांगेने यावेत यात नवल काहीच नाही.

ही रांग सध्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या माथ्यावर उभी आहे. इगतपुरी आणि शहापूर यांच्या सीमेवरचा भावली प्रकल्प १५०० मेगावॅटचा आहे. २०२४ मध्ये महावितरणने त्यातून १२,००० मेगावॅट-तासांच्या, म्हणजे पूर्ण क्षमतेने आठ तास पुरेल अशा साठवणीसाठी चाळीस वर्षांच्या कराराचा मार्ग मोकळा केला. माळशेज घाटात, जुन्नर आणि मुरबाड यांच्या हद्दीवर, पूर्वी ७०० मेगावॅटचा प्रकल्प सरकारी याद्यांत वर्षानुवर्षे पडून होता. आता त्याच परिसरात भोरांडे गावाच्या नावाने १५०० मेगावॅटचा खासगी प्रस्ताव आहे. ६ जून २०२३ रोजी राज्य सरकारने एनएचपीसी या केंद्राच्या जलविद्युत कंपनीशी ७३५० मेगावॅटचा सामंजस्य करार केला, त्यात सावित्री, जालोंद आणि केंगाडी यांच्या जोडीला ११५० मेगावॅटचा ‘काळू’ आहे. काळू ही मुरबाडची नदी. या तीन प्रस्तावांची बेरीज ४१५० मेगावॅट होते, म्हणजे सोळा घाटघरांहून जास्त. शिवाय भातसा धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आधीपासून आहे आणि मध्य वैतरणा धरणावर मुंबई महापालिकेने २० मेगावॅट जलविद्युत व ८० मेगावॅट तरंगत्या सौर पॅनेलांची योजना मांडलेली आहे.

यातला एकेक प्रस्ताव स्वतंत्रपणे पाहिला तर समर्थनीय वाटू शकतो. अडचण ते एकेक करून पाहिले जातात यातच आहे. कंपनी जागा हेरते, सरकार करार करते, मेगावॅटचा आणि कोटींचा आकडा वर्तमानपत्रात येतो. जंगलात काय आहे याची पाहणी त्यानंतर, त्याच कंपनीने नेमलेल्या सल्लागाराकडून, त्या एका प्रकल्पापुरती होते. जागेचा प्रश्न शेवटी येतो, तेव्हा तो प्रश्न उरलेलाच नसतो. अटी किती घालायच्या एवढीच घासाघीस उरते. या लेखाचे म्हणणे असे की हा क्रम उलटा करायला हवा. हरित ऊर्जा आणि जैवविविधता यांचे भांडण बहुतेक ठिकाणी खरे नाही. ते जागेच्या निवडीतून उभे राहते आणि जागेच्या निवडीनेच मिटू शकते. आधी जागा ठरावी, मेगावॅट त्यानंतर.

कडा आणि त्याच्या पायथ्याचे रान हा एकच सलग पट्टा आहे, हे एका बिबट्याने चालून दाखवले आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक प्रौढ नर बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बसवला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. ‘आजोबा’ हे त्याचे नाव पुढे चित्रपटामुळे घरोघर पोचले. महिन्याभराच्या आत तो सुमारे १२० किलोमीटर चालला. कसाऱ्याजवळ रेल्वे आणि मुंबई–आग्रा महामार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोचला. माळशेज ते कसारा या त्याच्या वाटेच्या एका टोकाला आज भोरांडेचा प्रस्ताव आहे, दुसऱ्या टोकाला भावलीचा, मधे चोंढ्याचा चालू प्रकल्प. एकट्या धरणाने बिबट्या अडत नाही, तो वळसा घालतो. पण वळसा घालायला मोकळी जागा उरली पाहिजे, आणि ती उरते की नाही हे कुठल्याही एका प्रकल्पाच्या अहवालात सापडणार नाही. त्याच आजोबाला डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाने उडवले, हेही विसरून चालत नाही.

बिबट्या कुठेही जुळवून घेणारा प्राणी. रानपिंगळ्याचे तसे नाही. १८७३ मध्ये शास्त्राला माहीत झालेले हे छोटे घुबड १८८४ नंतर कुणाला दिसलेच नव्हते. नामशेष झाले असेच धरले गेले होते, तोवर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सापडले. पुढची बरीच वर्षे ते सातपुड्याचे मानले जाई. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते तानसा अभयारण्यात, मुंबईपासून दोन-तीन तासांच्या वाटेवर आढळले आणि पक्षिशास्त्रज्ञांना आपले नकाशे दुरुस्त करावे लागले. रानपिंगळ्याला दाट सदाहरित जंगल लागत नाही. सागाचे विरळ, पानगळीचे रान, जुन्या झाडांच्या ढोल्या आणि मधूनमधून उघडे गवत एवढे त्याला पुरते. नेमके हेच रान सरकारी वर्गवारीत ‘विरळ’ किंवा ‘अवनत’ म्हणून नोंदले जाते आणि प्रकल्पाला द्यायला सर्वांत सोपे ठरते. मुंबईच्या इतक्या जवळचा पक्षी सापडायला २०१४ उजाडावे लागले. मग एका ऋतूची किंवा चार ऋतूंचीही पाहणी करून ‘उल्लेखनीय वन्यजीव आढळले नाहीत’ असे लिहिणाऱ्या अहवालावर किती भिस्त ठेवायची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

चुकीच्या जागेची किंमत काय असते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे, आणि तो पवनऊर्जेने पुरवला आहे. देशात पवन आणि सौर प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेतून वगळलेले आहे. धूर नाही म्हणजे आघात नाही, असे त्यामागचे गृहीतक. भीमाशंकर अभयारण्याच्या दक्षिणेला, आंध्रा जलाशयाच्या परिसरात, ११३ मेगावॅटच्या पवनचक्क्यांसाठी सुमारे १९४ हेक्टर वनजमीन वळती झाली. चक्कीचा पाया लहानसाच असतो. पण लांबच लांब सुटे भाग डोंगरमाथ्यावर न्यायला तीव्र उतारावर रुंद रस्ते कापावे लागतात, कापलेली माती दरीत लोटली जाते आणि फांद्यांवरून फिरणाऱ्या शेकरूचे रान मधोमध तुटते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात या प्रकल्पाची स्वतंत्र दखल घेतली. याच विषयावरच्या २०१३ च्या कस्तुरीरंगन समितीचे गाडगीळांशी अनेक बाबतींत पटले नाही. पवनऊर्जेला पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आणावे हे मात्र तिनेही सांगितले. ते अजून झालेले नाही.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा पुरावा याहून सूक्ष्म आहे. तिथे पवनचक्क्या येऊन वीसेक वर्षे झाल्यावर मारिया ठकार, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी चक्क्या असलेला आणि नसलेला भाग शेजारी-शेजारी ठेवून तपासला. त्यांचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. त्यामुळे त्यांचे भक्ष्य असलेले सरडे वाढले. गळ्याचा निळा-नारिंगी पंखा फुलवणारा हा पठारी सरडा चक्क्यांखाली इतका निर्धास्त झाला होता की माणूस अगदी जवळ आला तरी हलेना. त्याच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक कमी, पण अंगही रोडावलेले, कारण खाणारी तोंडे वाढली होती. चक्क्यांनी एकही सरडा मारला नव्हता, तरी पठारावरचे सारे नाते बदलले होते. पाती लागून किती पक्षी मेले याचीच मोजणी करणाऱ्या अहवालात हा बदल दिसला नसता. आघात म्हणजे मृत्यू असे धरले की बराचसा आघात नजरेतून सुटतो.

उदंचन प्रकल्पांच्या बाजूने जो सर्वांत भक्कम युक्तिवाद केला जातो तो असा: हे प्रकल्प नेहमीच्या धरणांसारखे नाहीत. नदी अडवून खोरेच्या खोरे बुडवायचे नसते. ओढ्यावर किंवा नदीपासून दूर दोन आटोपशीर तळी करायची, एकदा भरायची आणि तेच पाणी वर्षानुवर्षे फिरवायचे. हे खरे आहे. याच आधारावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये नदीपासून दूर असलेल्या बंदिस्त उदंचन प्रकल्पांची मंजुरी सोपी केली आणि राज्यानेही त्याच वर्षी उदंचनाचे स्वतंत्र धोरण आणले. पण आटोपशीरपणाचा हिशेब तळ्यांपाशी थांबत नाही. आठ तासांत १२,००० मेगावॅट-तास वीज द्यायची आणि उंची चारशे मीटर धरली, तर सुमारे सव्वा कोट घनमीटर पाणी वर-खाली करावे लागते. मुंबईला तीन दिवस पुरेल एवढे हे पाणी. ते फिरते, संपत नाही. पण पहिल्यांदा भरताना कुठून तरी घ्यावे लागते आणि उन्हाळ्यातल्या बाष्पीभवनाची तूट दरवर्षी भरून काढावी लागते. कितीक किलोमीटरचे बोगदे खोदले की तेवढा दगड बाहेर येतो, तो टाकायला जागा लागते. सुरुंग, खडी केंद्रे, घाटात नवे रस्ते, मजुरांच्या वसाहती आणि बांधकामाची वर्षानुवर्षे रात्रभर जळणारी प्रकाशझोतांची रांग हे सगळे याच खात्यात मांडायचे. पावसाळ्याच्या तोंडावर घाटघर–भंडारदऱ्याच्या झाडांवर काजव्यांचे थवे लुकलुकतात, ते पाहायला हजारो लोक येतात. काळोख हीच काजव्यांची मूलभूत गरज आहे, आणि आघाताच्या कुठल्याही तक्त्यात काळोखाला रकाना नसतो.

तारांचे काय, हा प्रश्न तर सहसा विचारलाच जात नाही. कड्याखाली तयार झालेली वीज पडघ्यासारख्या मोठ्या उपकेंद्रापर्यंत न्यावी लागते. चारशे केव्हीच्या वाहिनीला साधारण ४६ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. दर किलोमीटरला साडेचार हेक्टरांहून अधिक. तीन प्रकल्प तीन कंपन्यांनी स्वतंत्रपणे आखले तर तीन पट्टे, आणि तेही वेगवेगळ्या अर्जांखाली मंजूर झालेले. तारा पक्ष्यांना किती महागात पडतात हे माळढोकाने देशाला शिकवले. ज्या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जो जड अंगाने उडतो, त्याला तार दिसते तेव्हा वळायला उशीर झालेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकांच्या अधिवासात वाहिन्या जमिनीखाली घालायचा आदेश दिला. इतक्या विस्तीर्ण प्रदेशात ते अव्यवहार्य ठरते असे म्हणणे पुढे आले आणि मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमावी लागली. मधली तीन वर्षे पक्ष्यालाही संरक्षण मिळाले नाही आणि सौर कंपन्यांनाही खात्री मिळाली नाही. पॅनेले लावण्यापूर्वी माळढोकाचा नकाशा समोर ठेवला असता तर दोघांचीही वर्षे वाचली असती.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप येतो तो हवामानाच्या बाजूने. पृथ्वी तापते आहे, पाऊस बेभरवशाचा झाला आहे, कोळसा बंद केला नाही तर रानपिंगळाही राहणार नाही आणि शेकरूही नाही. अशा वेळी पाच-पन्नास हेक्टरांसाठी अडवणूक करणे म्हणजे घर जळत असताना पडद्यांची काळजी करणे नव्हे काय? या आक्षेपातला पहिला भाग पूर्णपणे मान्य करायला हवा. मुंबईच्या परिसराला लागणाऱ्या विजेचा मोठा वाटा आजही कोळशाचा आहे. चंद्रपूरपासून पडघ्यापर्यंतची १५०० मेगावॅटची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून तीच वीज साडेसातशे किलोमीटर वाहून आणते आहे, आणि तिकडच्या खाणींची व राखेची किंमत ताडोबाच्या आजूबाजूची माणसे आणि वाघ मोजतात. शहापूरचे रान वाचवायचे म्हणून चंद्रपूरचे जाळत राहायचे, हा न्याय होत नाही. पण आक्षेपाचा दुसरा भाग, जागेची चौकशी केल्याने उशीर होतो हा, अनुभवाला धरून नाही. मुरबाडमध्येच काळू धरणाचे उदाहरण आहे. महानगराला पाणी पुरवण्यासाठी आखलेल्या या धरणाखाली सुमारे हजार हेक्टर वनजमीन जाणार होती. वनमंजुरी हातात नसताना २०११ मध्ये काम सुरू झाले, श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. एका तपाहून अधिक काळ लोटला, धरण झालेले नाही. ज्यांना घाई होती त्यांनीच जागेचा आणि परवानगीचा प्रश्न मागे ढकलला, आणि उशीर त्यांनीच ओढवून घेतला.

दुसरा आक्षेप असा की जंगल टाळा म्हणता, मग पडीक जमिनी घ्या. हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण पडीक म्हणजे काय हे तलाठ्याच्या दप्तरावरून ठरवायचे की रानात जाऊन पाहायचे? ठाणे जिल्ह्यात भाताच्या खाचरांच्या वर, डोंगरउतारावर जी जमीन असते तिला वरकस म्हणतात. तिच्यात नाचणी-वरी होते, राबासाठी पालापाचोळा आणि गवत निघते, गुरे चरतात, पावसाळ्यात रानभाज्या मिळतात. सातबाऱ्यावर तिचा मोठा भाग पोटखराब्यात असतो. गावाच्या गुरचरणाचीही तीच गत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षातले कित्येक महिने या कागदावर निकामी जमिनीवर निघतात. आणि लावे, तित्तिर, ससे, खोकड यांचे ते घर असते. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशातल्या मोकळ्या नैसर्गिक प्रदेशांचा, म्हणजे माळ, झुडपी रान आणि विरळ झाडोऱ्याचा नकाशा केला. तो देशाच्या भूभागाच्या सुमारे एक दशांश भरला आणि त्यातला अगदी थोडा हिस्सा संरक्षित क्षेत्रांत निघाला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना ही मुळात चांगली कल्पना आहे: शेतीपंपांना दिवसा वीज, उपकेंद्राजवळ लहान प्रकल्प, लांबच लांब तारांची गरज नाही. पण तिच्यासाठी सरकारी जमीन शोधताना पहिली नजर गायरानावर जाते. हा दोष अर्थातच सूर्याचा नाही. तो दप्तराचा आहे, आणि दप्तर दुरुस्त करता येते.

मग जायचे कुठे? विरोध करणाऱ्याला हा प्रश्न विचारण्याचा इतरांना हक्क आहे, आणि त्याला उत्तरही आहे. जोसेफ किसेकर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये भारतासाठी केलेल्या अभ्यासात दाखवले की आधीच वापरलेल्या, बिघडलेल्या जमिनींवर १७५ गिगावॅटच्या तेव्हाच्या उद्दिष्टाच्या दहापटीहून जास्त पवन-सौर क्षमता बसू शकते. म्हणजे जागा कमी नाही, निवडीची शिस्त कमी आहे. शहापूर–मुरबाडच्या दारात याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण भिवंडीच्या गोदामांचे आहे. माणकोली ते पडघा या पट्ट्यात कोट्यवधी चौरस फूट छप्पर उन्हात तापत उभे आहे. लाखभर चौरस फूट छपरावर साधारण एक मेगावॅट बसते. एक कोट चौरस फुटांवर शंभर. जुन्या पत्र्याच्या शेड पॅनेलांचा भार पेलत नाहीत, छप्पर एकाचे आणि गोदाम भाड्याने दुसऱ्याचे अशी गुंतागुंत असते, हे खरे. पण नव्या गोदामाला परवानगी देताना छप्पर पॅनेल पेलेल असे बांधा, ही अट घालायला एक झाडही तोडावे लागत नाही. आणि ही वीज जिथे तयार होते तिथून पडघ्याचे उपकेंद्र हाकेच्या अंतरावर आहे. तयार जलाशयांवरची तरंगती पॅनेले हाही एक पर्याय आहे, मात्र मध्य वैतरणेसारखा जलाशय जंगलाने वेढलेला असतो. तिथे किनाऱ्याची उथळ जागा पक्ष्यांना सोडून मधल्या खोल पाण्यावर पॅनेले ठेवायची आणि तारा जुन्याच मार्गाने न्यायच्या, ही अट आराखड्यातच असायला हवी.

छपरांनी दिवसाची वीज मिळेल, संध्याकाळची नाही, असे कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. साठवण लागणारच. त्यातला दोन-चार तासांचा भाग आता बॅटऱ्या उचलू शकतात. त्यांच्या किमती झपाट्याने उतरल्या आहेत, त्या उपकेंद्राच्या आवारात बसतात आणि त्यांना कडा लागत नाही. आठ तासांच्या साठवणीत आणि पन्नास वर्षांच्या आयुष्यात मात्र उदंचन अजून वरचढ आहे, शिवाय बॅटऱ्यांसाठी लागणाऱ्या खनिजांच्या खाणी कुठल्या तरी दुसऱ्या रानात असतातच. म्हणून उदंचन नकोच, असा निष्कर्ष या लेखाचा नाही. घाटघर–चोंढ्याचे वरचे तळे कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात झाले, तेही झाले नसते तर बरे. पण ते झालेले आहे, रस्ता आहे, वाहिनी आहे. नव्या प्रकल्पाचा विचार करताना पहिला प्रश्न असा असायला हवा की आहे त्या धरणांत, आहे त्या वाहिन्यांवर, आधीच उघड्या पडलेल्या खाणींत आणखी किती साठवण करता येईल. ते संपल्यावरही गरज उरली, तर कड्याच्या सर्व जागा एकाच तक्त्यात मांडून त्यातल्या सर्वांत कमी नुकसानीच्या एक-दोन निवडाव्यात. आज प्रत्येक कंपनी आपल्याला सोयीची खिंड निवडते आणि सरकार प्रत्येकीला हो म्हणते.

असा एकत्र विचार करण्याचे सूत्र आपल्याकडे लिहिलेले आहे, फक्त वापरात नाही. कस्तुरीरंगन समितीने पश्चिम घाटातल्या जलविद्युत प्रकल्पांसाठी अटी सुचवल्या होत्या: उन्हाळी प्रवाहाच्या किमान ३० टक्के पाणी नदीत सोडावे, दोन प्रकल्पांत किमान तीन किलोमीटर अंतर असावे, नदीखोऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग बाधित होऊ नये आणि एकत्रित परिणामांचा अभ्यास व्हावा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघते. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि शहापूर–मुरबाडची गावेही आहेत. मसुदा अंतिम होत नाही, तोवर करार होत राहतात. युरोपीय संघाने २०२३ च्या नव्या कायद्यात वेगळा मार्ग घेतला. सदस्य देशांनी कमी नुकसानीचे प्रदेश आधी ठरवून जाहीर करायचे, तिथल्या प्रकल्पांना झटपट मंजुरी द्यायची, आणि संरक्षित निसर्गक्षेत्रे त्यातून वगळायची. युरोपचे सगळेच अनुकरणीय असते असे नाही. पण वेग आणि काळजी यांची सांगड कशी घालायची, याचे उत्तर त्यात आहे: चौकशी एकदाच, आधी, संपूर्ण प्रदेशाची करायची आणि मग त्या हद्दीत रस्ता मोकळा ठेवायचा.

शेवटचा प्रश्न माणसांचा, आणि या दोन तालुक्यांत तो टाळून पुढे जाता येत नाही. मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसातून जाते. तानसा १८९२ पासून पाणी देते आहे. तरी दर उन्हाळ्यात कसाऱ्याकडच्या पाड्यांवर टँकर फिरतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे अतिशयोक्ती नाही. आता पाण्यामागोमाग वीज. प्रकल्पाने रोजगार येतो, हा युक्तिवाद बांधकामाच्या चार-पाच वर्षांपुरता खरा असतो. त्यानंतर उदंचन केंद्र मोजक्या तंत्रज्ञांवर चालते. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा इथल्या ग्रामसभांना बोलण्याचा अधिकार देतात. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी मात्र वनहक्कांची पूर्तता झाली की नाही हे पाहण्याचे काम केंद्राच्या मंजुरीच्या टप्प्यावरून काढून राज्यावर टाकले. म्हणजे तत्त्वतः होकार आधी आणि गावाचे म्हणणे नंतर. करार झाल्यावर भरणारी ग्रामसभा ही ग्रामसभा नसते, ती सूचना असते. शिवाय चांगल्या नियोजनासाठी गावाची माहिती कुठल्याही सल्लागारापेक्षा उपयोगाची आहे. कुठल्या ओढ्याला मे महिन्यात पाणी असते, कुठल्या कड्यावर गिधाडे बसत आणि आता बसत नाहीत, कुठल्या देवराईतून जनावर उतरते, हे इथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते विचारून लिहून घेतले तर निम्मा नकाशा तयार होतो.

या सगळ्यातून निघणारी मागणी तीन ओळींत मावते. कसारा ते माळशेज या घाटरेषेवर पुढचा कुठलाही उदंचन प्रकल्प मंजूर करण्याआधी सर्व प्रस्तावांचा, त्यांच्या रस्त्यांचा आणि वाहिन्यांचा एकत्रित अभ्यास राज्याने स्वतःच्या खर्चाने, स्वतंत्र संस्थेकडून करून तो मराठीत जाहीर करावा. जिथे बांधायचे नाही अशा जागा आधी ठरवून टाकाव्यात आणि उरलेल्या जागांवर मंजुरी झटपट द्यावी. पेसा गावांतल्या ग्रामसभांचे मत करारापूर्वी घ्यावे, आणि जी वीज त्यांच्या डोंगरातून जाईल तिच्यातला वाटा त्यांच्या पाड्यांना आधी मिळावा. यातले काहीही खर्चिक नाही आणि कशालाही नवा कायदा लागत नाही. शहापूर–मुरबाडच्या वाचकांना एवढेच सांगणे आहे की आपल्या ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत हा विषय पटलावर घ्या. ठिकाण, क्षेत्र, वाहिनीचा मार्ग आणि पाण्याचा स्रोत अशी माहिती लेखी मागा. सामंजस्य करार बंधनकारक नसतो. जागा अजून ठरवता येईल अशी वेळ आत्ताच आहे.